सॅम्पल कोण काढतं, ते आधी बघा

तुम्ही विचारलंय, "अतिप्रगत एआयवर सरकारांनी बंधनं घालावीत का? त्याने भारत मागे नाही पडणार?"

मी दिंडोरी तालुक्यात द्राक्ष पिकवतो, माल युरोपला जातो. बंधनं हवीत, असं माझं ठाम मत आहे. पण कायदा कडक की सौम्य, यावर सगळे भांडतात आणि तपासणी कोणाच्या हातात, हे राहूनच जातं.

निर्यातीच्या बागेत काढणीआधी लॅबचा माणूस रेसिड्यूसाठी, म्हणजे फवारलेल्या औषधांचे अंश तपासायला, सॅम्पल घ्यायला येतो. कुठल्या ओळीतला घड तोडायचा, ते तो ठरवतो. चार घड बांधाकडचे, दोन पानांच्या सावलीतले, असं करत पिशवी भरतो, सील करतो, वर प्लॉटचा नंबर टाकतो. मी नुसता मागे मागे फिरतो. तेच घड मी निवडून दिले असते, तर त्या रिपोर्टवर कोण विश्वास ठेवणार?

एआयमध्ये आज बहुतेक ठिकाणी घड बागायतदारच निवडून देतोय, म्हणजे कंपनीच स्वतःची तपासणी करतेय. मे २०२४ मध्ये दक्षिण कोरियात सोलच्या एआय परिषदेत १६ कंपन्यांनी सुरक्षिततेची वचनं दिली, पण ती स्वखुशीची. कॅलिफोर्नियात एसबी १०४७ या विधेयकात बाहेरच्या ऑडिटरची अट होती. गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ते नाकारलं. वर्षभराने त्यांनीच एसबी ५३ या नव्या विधेयकावर सही केली. त्यात कंपनीने आपला सुरक्षा आराखडा जाहीर करायचा, गंभीर घटना सरकारला कळवायच्या. बाहेरच्या ऑडिटची सक्ती मात्र गेली, आणि माझ्या मते गाभाच गेला. युरोपच्या कायद्यात निदान त्यांच्या एआय ऑफिसला मॉडेल स्वतः तपासायचा अधिकार आहे.

आता मागे पडण्याचं. युरोपचे रेसिड्यूचे नियम आले तेव्हा आमच्याकडेही हेच बोललं जायचं. पण आज तिथला ग्राहक आपला माल घेतो तो त्या रिपोर्टच्या जोरावरच. उद्योगाला खरा त्रास होतो तो धरसोडीचा. १ मार्च २०२४ ला केंद्राने सांगितलं, अपुरी चाचणी झालेली मॉडेल्स लोकांपुढे आणायची तर आधी परवानगी घ्या. १५ मार्चला ती अट काढूनही टाकली. कांद्याची निर्यातबंदी अनुभवलेल्या लासलगावकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तपासणी असली तरी यादी अपुरी असू शकते, हे आम्ही २०१० मध्ये भोगलंय. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ रोखणारं औषध, सगळेच वापरायचे. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, युरोपात सापडलं, आणि कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. त्या सीझनला घरात कोणी नीट जेवत नव्हतं.

एआयच्या यादीतून काय सुटतंय, त्याचं एक उदाहरण भाषेचं आहे. इंग्रजीत जीपीटी-४ हे ओपनएआय कंपनीचं मॉडेल ज्या धोकादायक प्रश्नाला नकार द्यायचं, तेच झुलू या आफ्रिकी भाषेत विचारलं की पुष्कळदा सांगून टाकायचं, हे संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. म्हणून भारताने आपली स्वतःची, हात बांधलेले नसलेली लॅब उभारावी, आणि तिच्या माणसाने मराठीच्या, गोंडीच्या, अहिराणीच्या ओळीत शिरून घड स्वतः तोडावेत. कॅलिफोर्नियातला कोणी ते आपल्यासाठी करणार नाही.