प्रतिभावान पण सदोष कलावंतांचे प्रामाणिक चित्रण कोणत्या चित्रपटांत आढळते?

लेखक-कलावंताला देव्हाऱ्यातही न बसवणारे आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे न करणारे चित्रपट आपण विचारले आहेत. माझी कसोटी साधी आहे : त्या कलावंताच्या घरातल्या माणसाला चित्रपटात किती जागा मिळते? व्यसन आणि कर्जबाजारीपणा दाखवणे अवघड नसते; ते शिट्ट्या वाजतील अशा थाटातही दाखवता येतात. नाशिकमधल्या हौशी नाटकांच्या तालमींत मी अशा एका दिग्दर्शकाला जवळून पाहिले आहे. त्याच्या बेफिकिरीचे किस्से आम्ही रंगवून सांगत असू, आणि त्याची पत्नी मात्र कोपऱ्यात बसून कपडेपटवाल्याची थकलेली बाकी मोजत असे.

या कसोटीवर मी सर्वप्रथम श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (1977) ठेवीन. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. स्मिता पाटील यांनी साकारलेली उषा हट्टी आहे, उतावळी आहे आणि आपल्याच निर्णयांत पुन्हा पुन्हा अडकते. आईचा विरोध डावलून ती ज्या केशवशी लग्न करते, तोच पुढे तिच्या कमाईवर जगतो. तरीही तिचे चुकणे हा तिच्या छळाचा खुलासा ठरत नाही आणि तिचा छळ ही तिच्या चुकांची सबब ठरत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्याचे हे धैर्य फार थोड्या चित्रपटांत असते.

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक यांनी 'जुक्ति तक्को आर गप्पो' या आपल्या शेवटच्या चित्रपटात दारूत बुडालेल्या बुद्धिवंताची, नीलकंठची, भूमिका स्वतःच केली. पत्नी त्याला सुरुवातीलाच सोडून जाते आणि तिचे काही चुकले, असे आपल्याला क्षणभरही वाटत नाही. मरताना तो तिलाच माणिक बंद्योपाध्याय यांच्या कथेतल्या मदन विणकराची आठवण करून देतो, ज्याने सूत नसताना रिकामाच माग चालवला होता. हा कबुलीजबाब आहे, पण त्यात क्षमायाचना नाही.

उर्दू कथाकार सआदत हसन मंटो यांच्यावरचा नंदिता दास यांचा 'मंटो' (2018) चांगला आहे. परंतु मंटोच्या कथाच मधून मधून पडद्यावर येत राहिल्याने त्याची पत्नी सफिया तोंड उघडण्यापूर्वीच वाद लेखकाच्या बाजूने सुटतो, असे मला वाटले.

आमच्या गावाशी जोडलेले उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) हा चित्रपट त्यांचे झपाटलेपण प्रेमाने आणि हसतखेळत दाखवतो, पण यशाच्या दिवसांपाशीच थांबतो. त्यानंतर 1918 मध्ये नाशिकला सुरू झालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी, भागीदारांशी बिनसल्यावर फाळक्यांचे काशीला निघून जाणे, 1922 च्या सुमारास परतणे आणि 1944 मध्ये नाशिकलाच हलाखीत झालेला अंत, हे सारे त्यात नाही. फाळक्यांच्या ज्या पत्नीने, सरस्वतीबाईंनी, दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडली आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला, त्यांच्या नजरेतून ही उतरती वर्षे कोणीतरी दाखवायला हवीत.

आपण 'भूमिका'पासून सुरुवात करावी. घटकांचा चित्रपट मात्र रात्री एकट्याने पाहू नये.