करारावर सही आहे, पण ती कधीची?

प्रश्न थोडक्यात असा. पत्रलेखक स्वतंत्र संगीतकार आहेत, लोकसंगीताच्या बाजाची पॉप गाणी करतात. नव्या अल्बममध्ये चार पाहुणे गायक आहेत. ध्वनिमुद्रण दीड वर्षापूर्वी झालं, मानधन त्याच दिवशी दिलं आणि प्रत्येकाकडून एका पानाच्या करारावर सही घेतली: ‘या गाण्यातील माझ्या आवाजाचे सर्व हक्क तुम्हाला दिले आहेत.’ मग मिक्सिंग रखडलं. मधल्या काळात चौघांपैकी एका गायकाचंच गाणं सिंगल म्हणून बाहेर आलं. आता अल्बम महिन्यावर आलाय, त्यातल्या एका गायिकेचं बरंच नाव झालंय आणि तिच्या मॅनेजरचा मेल आलाय की अटी नव्याने ठरवू, तोवर तिचं गाणं प्रसिद्ध करू नका. ‘सही आहे, पैसे पोचल्याची नोंद आहे, मग ती आता असं कसं म्हणू शकते?’

म्हणू शकते. असली पत्रं सारखी येतात आणि प्रत्येकात सही, पावती, साक्षीदार यांचं वर्णन भरभरून असतं. करारावरची तारीख मात्र कोणी लिहीत नाही. औषधाच्या बाटलीवरची मुदत आपण बघून घेतो, कराराची बघत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९(४) वाचा. हक्क ज्याने लिहून घेतले, त्याने हस्तांतराच्या तारखेपासून एका वर्षात ते वापरले नाहीत, तर ते हस्तांतर संपुष्टात आलं असं मानलं जातं. करारात वेगळं काही लिहिलं असेल तरच सुटका. कलम ३९-अ मुळे हीच तरतूद गायकाच्या, म्हणजे सादरकर्त्याच्या हक्कांनाही लागू होते. तुमच्या एका पानात ‘वेगळं काही’ नाही. सही होऊन दीड वर्ष झालं. म्हणजे सिंगल म्हणून आलेलं गाणं सोडलं, तर उरलेल्या तिन्ही करारांत बहुधा फक्त कागद शिल्लक आहे.

तुम्ही म्हणाल, मिक्सिंग चालूच होतं, मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, तयार होत होता, म्हणजे हक्क वापरतच होतो. हा युक्तिवाद मी कोर्टात मन लावून करीन, पण त्याच्या भरवशावर अल्बमची तारीख जाहीर करणार नाही. बरं, हस्तांतर नसेल तर निदान परवाना, म्हणजे वापरायची परवानगी, तरी समजा? कलम ३०-अ ने कलम १९ च्या तरतुदी परवान्यालाही जोडून ठेवल्या आहेत. आणि ‘पैसे मोजले म्हणजे आवाज माझा’ हे डोक्यातून काढून टाका. मोबदला देऊन करून घेतलेल्या कामाचा पहिला मालक कोण, हे ठरवणारं कलम १७ सादरकर्त्यांना लागू केलेल्या कलमांच्या यादीतच नाही. पैसे घेऊन ती इतके महिने गप्प बसली, ही गोष्ट तिच्या विरोधात जाऊ शकते. किती जाईल, ते न्यायाधीशांवर आहे.

सिनेमावाल्यांचं उदाहरण देऊ नका. सिनेमात आवाज वापरायला एकदा लेखी संमती दिली की, उलट करार नसेल तर, गायकाला त्या सिनेमापुरती हरकत घेता येत नाही, असं कलम ३८-अ म्हणतं. पण ही सवलत चित्रपटाला आहे, नुसत्या ध्वनिमुद्रणाला नाही. कायद्याच्या व्याख्येत गाण्याचा व्हिडिओही चित्रपटातच मोडतो, त्यामुळे व्हिडिओपुरतं काही म्हणता येईल. ऑडिओ ट्रॅकला त्याचा उपयोग नाही.

नोटीस पाठवून तिला गप्प करावं असं तुमच्या मनात असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. ती कोर्टात जाणारच नाही, तिला गरजच नाही. तिचा मॅनेजर डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे तुमची गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्या कंपनीला, एक तक्रार पाठवेल. कायद्यात लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर रोखायचा आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो, अशी व्यवस्था आहे. प्रत्यक्षात डिस्ट्रिब्युटर स्वतःच्या अटींवर चालतो, आणि त्या अटींत ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत’ यावर तुम्हीच टिचकी मारलेली असते. ट्रॅक खाली येईल आणि पहिल्या आठवड्याचे श्रोते गेले ते गेले. तुम्ही दावा लावायला गेलात आणि तो वाणिज्यिक स्वरूपाचा, ३ लाख किंवा अधिक मूल्याचा असला, तर तातडीचा दिलासा मागितल्याशिवाय आधी दावापूर्व मध्यस्थी सक्तीची. पुढे तारखा पडत राहतात. निकाल लागेपर्यंत तुमचा पुढचा अल्बम येऊन जाईल.

त्यामुळे उपाय एकच: नवा करार, आणि तो प्रकाशनाआधी. ‘जुना करार कायम आहे’ अशी पुरवणी जोडू नका. जे संपलंय ते कायम करून काय मिळणार? नव्याने हस्तांतर लिहा. त्यात गाण्याचं नाव हवं, कोणते हक्क ते हवं, स्ट्रीमिंग, डाउनलोड, व्हिडिओ, छोट्या क्लिप अशी माध्यमं नावानिशी हवीत. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणं मात्र अपलोड केल्याच्या क्षणी जगभर वाजतं! तेव्हा ‘सादरकर्त्याच्या हक्काची संपूर्ण मुदत’ (सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षं) आणि ‘संपूर्ण जग’ असं स्पष्ट लिहा. शेवटी एक वाक्य, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप: ‘कलम १९(४) मधील एक वर्षाची मर्यादा या हस्तांतरास लागू राहणार नाही.’ दीड वर्षापूर्वी हे वाक्य टाकायला दोन मिनिटं लागली असती आणि गायिकेने त्याच पेनने त्याखाली सही केली असती.

मोबदल्याचा आकडा आणि रॉयल्टीचा हिस्सा करारात लिहावाच लागतो. इथे तुम्हाला थोडं नमतं घ्यावं लागेल, आणि ते अन्यायाचं आहे असं मला वाटत नाही. व्यावसायिक वापरातून सादरकर्त्याला रॉयल्टी मिळावी, हे २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलंय. ‘एकरकमी दिले, पुढे देणं नाही’ ही ओळ किती टिकेल, याची हमी मी देणार नाही. श्रेयनामात तिचं नाव देणं तर हक्क विकत घेतल्यावरही टळत नाही.

करार लिहायला बसण्याआधी मॅनेजरला लेखी विचारा: मधल्या काळात गायिकेने कुठल्या लेबलशी (संगीत कंपनीशी) एकमेव स्वरूपाचा करार केलाय का, गायकांच्या हक्कसंस्थेला काही लिहून दिलंय का? तुमच्याकडून सुटलेले हक्क तिच्याकडे परत गेले, आणि तिने ते पुढे दिले असतील तर आता तिची एकटीची सही पुरणार नाही. लेबलची संमतीही लागेल. हे उत्तर हातात आल्याशिवाय तिला एक पैसाही पाठवू नका.

उरलेल्या तिघांनाही याच आठवड्यात नवे कागद पाठवा. सिंगल ज्याचं आहे त्यालाही, कारण त्याच्या करारात मुदत आणि प्रदेश कुठे आहेत? कोणी तक्रार केलेली नाही म्हणून थांबू नका, ते तक्रार करण्याआधीच सह्या स्वस्तात मिळतात. सही प्रत्यक्ष घ्या किंवा आधार ई-साइन वापरा. व्हॉट्सअॅपवरचा ‘हो दादा, वापर बिनधास्त’ हा मेसेज फार तर पुरावा म्हणून दाखवता येतो, तोही भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून. हस्तांतराला सही लागते. मुद्रांक किती, ते तुमच्या राज्याच्या कायद्यावर आहे, स्थानिक वकिलाला विचारा.

चाल पारंपरिक असेल तर बहुधा अडचण नाही. ती कुणाच्या ध्वनिमुद्रित, नव्याने बांधलेल्या रूपावरून उचलली असेल तर मला ते रूप ऐकवा, मग बोलू. गायिकेने अंतऱ्यात स्वतःचे शब्द किंवा आलापाची जागा घातली असेल, तर तेही आत्ताच सांगा. तो गीत-संगीताच्या हक्काचा वेगळा प्रश्न आहे.

बोलणी फिसकटली, तर गाणं दुसऱ्या आवाजात करा. रचना तुमची आहे, हक्क फक्त तिच्या गाण्याचा अडकलाय. त्यासाठी तिचा आवाज वगळलेले स्टेम, म्हणजे गाण्याचे सुटे ट्रॅक, स्टुडिओतून आजच मागवून ठेवा, आणि डिस्ट्रिब्युटरकडे निदान त्या एका ट्रॅकची तारीख पुढे ढकला. अल्बम एक गाणं कमी घेऊन वेळेवर येऊ शकतो.