पक्षी बघायला निघताय? आधी तिथी बघा
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : रथसप्तमीला सुट्टी होती म्हणून मुलांना घेऊन खाडीकाठच्या कांदळवनातल्या पायवाटेवर गेलो. सकाळी 11 ला पोचलो, दीड तास फिरलो, पण दिसलं काय तर कुर्ल्या, निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) आणि चार कावळे. पक्षी लांब चिखलात ठिपक्यासारखे. थंडीत खूप पक्षी येतात म्हणतात ते खरं का?
— एक बाबा, गुहागर

उत्तर : येतात हो, शंभर टक्के येतात, तुम्ही फक्त घड्याळ चुकीचं बघितलंत. खाडीवरचा पक्षी सूर्य बघून नाही तर पाणी बघून जेवतो. आपल्याकडचा जुना हिशोब आहे ना, तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ येते, तोच इथे लावा. सप्तमी म्हणजे सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे पहाटे सव्वापाचला भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, साडेअकराच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. तुम्ही बरोब्बर सुकतीला जाऊन उभे राहिलात! त्या वेळी सगळा चिखल उघडा असतो, पक्षी पार पाण्याच्या कडेपर्यंत पांगतात, मग दुर्बीण असली तरी ठिपकेच दिसणार.

पाणी चढायला लागलं की चिखल आक्रसत जातो आणि हीच मंडळी खात खात तुमच्या दिशेने सरकत येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी जाऊन गप्प बसायचं. सकाळ हवी असेल तर द्वादशी पकडा, बारा पाऊणे नऊ, 7 वाजता पोचलात की झालं. (पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं, आणि गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा कोळीवाड्यात एकदा विचारून घ्या, तिथे तोंडपाठ असतं.) पूर्ण भरती झाली की पक्षी खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावर नाहीतर मिठागरात एका पायावर उभे राहून झोपा काढतात, तेही बघण्यासारखं असतं पण जवळ जाऊन उठवू नका, लांबचा प्रवास करून आलेले असतात.

मुलांना नावं पाठ करायला लावू नका, चोची बघायला सांगा. कोरल म्हणजे लांब, खाली वाकलेल्या चोचीवाला, तो बिळात चोच खुपसून आख्खी कुर्ली बाहेर काढतो, पाय झटकून टाकतो आणि गिळतो. चिखल्याची चोच आखूड, म्हणून तो खुपसत नाही, डोळ्यांनी शोधतो, चार पावलं धावला, थांबला, टिपलं, परत धावला. तुतारी शिलाई मशीनसारखी टोचत जाते. शेकाट्याचे लालगुलाबी पाय एवढे लांब की तो सरळ पाण्यात उतरतो. एकाच चिखलात एवढे जण जेवतात तरी भांडणं कमी, कारण प्रत्येकाचं पान वेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं. हे एकदा दिसलं ना की मुलं घरी यायला तयार होत नाहीत, स्वानुभव आहे.

प्रश्न : बांधावर मातकट रंगाचा पक्षी बसला होता, उडाला तर चक्क पांढरा! मुलगी म्हणते दोन वेगळे पक्षी होते. कोण बरोबर?
— एक आई, पेण

उत्तर : तुम्ही. ती आपली ढोकरी, पुस्तकात वंचक म्हणतात. पंख मिटले की पाठीचा मातकट रंग वर येतो आणि चिखलात मिसळून जातो, पंख आणि शेपूट मात्र पांढरी, ती फक्त उडताना दिसते. पावसाच्या तोंडाला परत बघा, पाठ गडद तांबूस झालेली असेल, मग मुलगी म्हणेल तिसरा पक्षी! आणि तिला अजून गोंधळात टाकायचं असेल तर समुद्राकडच्या खडकांवर न्या, तिथला सागरी बगळा पाटीसारखा काळसर पण असतो आणि पांढरा पण, जात एकच.

प्रश्न : जेट्टीवर कुरव (सीगल) पक्ष्यांना शेव-गाठी टाकतो, फोटो मस्त येतात. काही चूक आहे का?
— कॉलेजचा एक ग्रुप, अलिबाग

उत्तर : आहे. यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच तलावांवर अंडी घालतात आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतात (थंडीत डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक डाग, म्हणून नावावर जाऊ नका). एप्रिलच्या आसपास परत एवढं अंतर उडायचं असतं, त्याची तयारी मासळीवर होते, तळलेल्या बेसनावर नाही. फोटोच हवे असतील तर मासळी उतरवताना बंदरावर जा, तिथे आपोआप गर्दी करतात.

प्रश्न : घराच्या आवारातल्या चिंचेवर बगळ्यांची दहा-बारा घरटी आहेत. वास, विष्ठा, शेजारी रोज भांडतात. फांद्या तोडू का?
— एक आजोबा, चिपळूण

उत्तर : आजोबा, आत्ता अजिबात नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरट्यांना आणि अंड्यांनाही संरक्षण आहे, आणि फांदी पडली की पिल्लं खाली, ती वाचत नाहीत. पावसाळा सरता सरता पिल्लं उडून जातात, झाड रिकामं होतं, मग परवानगी काढून रस्त्यावर येणाऱ्या तेवढ्याच फांद्या उतरवा. तोवर खाली जुनं ताडपत्रीचं छप्पर टाका आणि पडलेलं आळ्यात सारा, खत चांगलं होतं. शेजाऱ्यांना यंदाच्या चिंचा जरा जास्त पाठवा.