शुल्क भरलेले असूनही विद्यापीठ थकबाकी दाखवत असल्यास काय करावे?

आपण विचारले आहे की, एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांचे शुल्क भरलेले असताना विद्यापीठ आपल्या नावावर 18,600 रुपये थकबाकी दाखवते, पदवी प्रमाणपत्राचा अर्ज घेत नाही आणि लिपिक ‘आधी भरून मोकळे व्हा, नंतर परत मिळतील’ असे सांगतो. अशा वेळी भरावे की भांडावे? माझे मत असे की घाईने भरू नये आणि खिडकीवर भांडूही नये. थकबाकी कोणत्या वर्षाची, कोणत्या शीर्षाखालची आणि कशी निघाली, हे लेखी दाखवा, एवढी एकच मागणी धरून ठेवावी.

मी परभणी जिल्ह्यातली. माझ्या दुसऱ्या वर्षाचे शुल्क वडिलांनी आडत्याकडून आलेल्या सोयाबीनच्या पट्टीतून काढून दिले होते. पुढे त्यांच्यासमोरच मला सांगण्यात आले की संगणकात दिसत नाही, म्हणजे भरलेलेच नाही. वडिलांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि त्या पैशांचे मी दुसरे काही केले असावे ही शंका त्यांच्या मनात येऊन गेली, हे मला कळले. खोट्या थकबाकीने विद्यार्थ्याची पत घरातच जाते, म्हणून हा विषय मला आजही किरकोळ वाटत नाही.

घरी तीन भागांच्या चलनाची माझी प्रत होती. ती उजेडात धरल्यावर दिसले की कार्बनखाली नोंदणी क्रमांकातला 3 हा 8 सारखा उमटला होता. बँकेने त्या तारखेला रक्कम जमा झाल्याचे पत्र दिले, तेव्हा लेखा विभागाला ती उचंत खात्यात, म्हणजे कोणाच्या ते न कळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यात, सापडली. रक्कम विद्यापीठाकडेच होती, फक्त माझ्या नावापुढे लागली नव्हती. याला दोन महिने लागले.

आपणही वित्त व लेखा अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करावा, प्रत कुलसचिवांना द्यावी आणि आपल्या शुल्कखात्याचा वर्षवार उतारा मागावा. सोबत एका पानावर तारीख, रक्कम, पावती क्रमांक आणि बँकेचा व्यवहार क्रमांक लिहावा. यूपीआयने भरले असल्यास 12 अंकी संदर्भ क्रमांक बँकेच्या उताऱ्यावर मिळतो. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या वर्षभरात पुसट होतात, त्यांच्या छायाप्रती आजच काढाव्यात. अर्ज आवक विभागातच द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय तेथून निघू नये.

मात्र त्याआधी शिष्यवृत्ती तपासावी, कारण आपल्याकडच्या बऱ्याच थकबाक्यांचे मूळ तेथे असते. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज मंजूर आहे का, हप्ता कोणाच्या खात्यात गेला, हे पाहावे. शुल्काची रक्कम आपल्याच खात्यात आली असेल आणि पुढे भरायची राहिली असेल, तर तेवढी मागणी खरी आहे आणि ती मान्य करावी. शासनाचा हप्ताच आला नसेल, तर विद्यार्थ्याने शुल्क बुडवले असे म्हणता येत नाही, आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

लेखी उत्तर न आल्यास विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार ही समिती असणे बंधनकारक आहे. तिने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिचा निर्णय मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येते. शासकीय विद्यापीठ असल्यास 10 रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारातही स्वतःच्या खात्याची नोंद मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. नोकरीची किंवा प्रवेशाची तारीख अगदी अंगावर आली असेल, तरच रक्कम भरावी, पण ‘ही थकबाकी मला मान्य नाही, परताव्याचा हक्क राखून भरत आहे’ असे पत्र त्याच दिवशी आवकमध्ये द्यावे.

नोंद दुरुस्त झाली असे तोंडी सांगितल्यावर थांबू नये. ‘थकबाकी निरंक’ असे जावक क्रमांकाचे पत्र घ्यावे. तीन वर्षांनी मी स्थलांतर प्रमाणपत्रासाठी गेले, तेव्हा नव्या संगणक प्रणालीत तीच जुनी रक्कम पुन्हा उगवली होती. हे पत्र पुढे ठेवल्यावर माझा अर्ज त्याच दिवशी स्वीकारला गेला.