डबा तोच, चहा दुसरा

मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. आता सकाळी झाडांना पाणी घालते आणि दुपारी तुमची पत्रं वाचते. या महिन्यात तीन पत्रं एकाच गावाकडं निघालेली दिसली, म्हणून एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझं वय ७४. घरात चाळीस वर्षं एकाच कंपनीचा चहा. सहा महिन्यांपूर्वी सूनबाईंनी त्याच डब्यात वाण्याकडची सुटी पावडर भरायला सुरुवात केली. मला पत्ताच नाही. उलट पाहुण्यांसमोर 'चहा असावा तर असा' म्हणायचो! गेल्या महिन्यात नातवानं बिंग फोडलं. तेव्हापासून तोच चहा मला पाणचट लागतो. घरचे हसतात. माझी जीभ गेली की अक्कल?
– एक वाचक, मिरज

उत्तर : काका, दोन्ही जागेवर आहेत. हसणाऱ्यांमध्ये मला धरू नका, कारण माझं प्रकरण तुमच्याहून वाईट आहे. तीन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेला मी देवगड हापूसची पेटी घेतली. विक्रेत्यानं आंबा हातात देऊन वास घ्यायला लावला, मी घेतला, भाव दिला. घरी पहिल्या चार आंब्यांचा रस काढला आणि बहिणीला फोन करून सांगितलं, 'कोकणच्या मातीची चव वेगळीच गं.' पाचव्या दिवशी पेटीच्या तळाशी गवताखाली वर्तमानपत्र निघालं. कानडी! दोन आंबे उरले होते, ते मी खाल्ले, पण रसात मला चक्क दोरे लागायला लागले. आदल्या दिवशी हेच आंबे लोण्यासारखे होते.

तर अशी माणसं मशीनमध्ये घालून तपासलेली आहेत. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये ६७ जणांना कोक आणि पेप्सी पाजलं. त्यातल्या काहींना एमआरआयच्या बोगद्यात आडवं करून, नळीनं थेंब थेंब. संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं. नाव न सांगता पाजलं, की कपाळामागचा मेंदूचा जो भाग 'हे आवडलं' याची नोंद ठेवतो, त्याची हालचाल ज्याच्या त्याच्या आवडीशी जुळत होती. मग दोन पेल्यांत कोकच ओतलं. एकावर नाव, दुसरा कोरा, आणि सांगितलं की कोऱ्या पेल्यात दोन्हीपैकी काहीही असू शकेल. लोकांनी नाववाला पेला पसंत केला. आणि कोकचं नाव दिसल्यावर मेंदूत आणखी काही जागा जाग्या झाल्या, त्यात हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचं कोठार. पेप्सीच्या नावानं तसं काही झालं नाही. (माझ्यावर प्रयोग केला असता तर दोन्ही कंपन्या हरल्या असत्या. १९७७ ला कोक भारतातून गेलं ते १९९३ ला परत आलं. मधल्या काळात आमच्या मेंदूत थम्सअप बसलं ते बसलंच.)

तुमच्या 'अक्कल गेली का' या शंकेचं उत्तर पुढच्या संशोधनात आहे. कपाळामागच्या त्याच भागाला इजा झालेल्या रुग्णांना आयोवा विद्यापीठात दोन्ही पेयं दिली. निरोगी माणसं नाव कळलं की कोककडं सरकत होती. हे रुग्ण सरकले नाहीत. नाव सांगा, न सांगा, त्यांची पसंती तीच. म्हणजे डब्यावरच्या नावाला भुलायला मेंदू धडधाकट लागतो, काका! चाळीस वर्षांची पहाट, रेडिओ, आणि मला वाटतं काकूंच्या हातचं आलंसुद्धा त्या डब्यात होतं. सहा महिने सुट्या पावडरीला तेच लागत होतं. नातवानं डबा रिकामा केला, पावडर नाही.

किमतीचंही असंच. कॅलिफोर्नियात २० जणांना एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितलेली जास्त आवडली. ते तोंडदेखलं बोलत नव्हते, मेंदूत सुखाची नोंद खरोखर वाढलेली दिसली. जिभेकडून येणारी चव जिथं पहिल्यांदा उतरते तिथं मात्र काही फरक नव्हता. तुमची जीभ आजही तोच चहा पितेय.

उपाय विचारला नाहीत, तरी सांगते. सूनबाईंना म्हणावं, आता एक दिवसाआड कधी कंपनीची, कधी सुटी पावडर टाका आणि कुणाला सांगू नका. नातवाला तर मुळीच नको.

प्रश्न : आमचं साड्यांचं दुकान आहे. एका कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, निवडक गिऱ्हाइकांच्या डोक्यावर सेन्सरची टोपी बसवून कोणती साडी पाहून मेंदूत 'प्रेम' जागं होतं ते काढून देऊ, म्हणजे माल कुठला भरायचा ते कळेल. साडेतीन लाख मागतोय. द्यावेत का?
– एक व्यापारी, इचलकरंजी

उत्तर : देऊ नका. एवढ्यावर थांबले असते, पण साडेतीन लाख वाचवतेय तर कारण द्यायला हवं.

ती टोपी म्हणजे ईईजी. चांगलं यंत्र आहे, फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी आम्ही रोज वापरायचो. कवटीच्या आतून झिरपून बाहेर येणारी वीज ते टिपतं, तीही मायक्रोव्होल्टमध्ये. पेशंटची पापणी लवली, दात आवळले गेले, घाम आला, की कागदावर डोंगर उठायचे. आमचा टेक्निशियन 'डोळे मिटा, जबडा सैल सोडा' असं दिवसातून शंभर वेळा म्हणायचा. तुमच्या गादीवर बसून नणंदेशी बोलत, मान वळवत, पदर खांद्यावर टाकून बघणाऱ्या बाईचा ईईजी काढला, तर तो तिच्या मानेच्या स्नायूंचाच निघेल.

शिवाय मेंदूत 'प्रेम' नावाची खोली नाही. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये एकानं लिहिलं की लोकांचं आयफोनवर खरंखुरं प्रेम आहे, कारण फोन वाजला की मेंदूतला इन्सुला नावाचा भाग पेटतो. चाळीसहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी सही करून उलट पत्र पाठवलं, की बाबा रे, इन्सुला तर एक तृतीयांश प्रयोगांत पेटतो. दुखलं तरी पेटतो, मळमळलं तरी पेटतो. स्टॅनफर्डच्या ब्रायन नटसन यांच्या २००७ च्या प्रयोगात तर किंमत अवाच्या सवा वाटली की तो पेटायचा! तुमचा टोपीवाला त्यालाही प्रेमच म्हणेल. मांडवात दिवे लागलेत म्हणून लग्न समजून आहेर घेऊन जावं, आणि आत आमदारांची सभा निघावी, तसं हे.

मेलेल्या माशाची गोष्टही सांगते, फार आवडती आहे. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं, यांच्या मनात कोणती भावना आहे? आकडेमोडीत हजारो ठिकाणं एकदम तपासली की काही निव्वळ योगायोगानं उजळतात, त्यासाठी जी दुरुस्ती करावी लागते ती मुद्दाम वगळली. माशाच्या मेंदूत ठिपका उजळला. २०१२ मध्ये याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस. टोपीवाला पुन्हा आला तर एवढंच विचारा, 'ती दुरुस्ती करता का?' चेहरा बघा.

आता फुकटातलं. नटसन यांच्या प्रयोगात २६ जणांना आधी वस्तू, मग किंमत दाखवली. मेंदूत खोलवर बघणारं एमआरआय यंत्र वापरूनही खरेदीचा अंदाज साधारण ६० टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तर ५० येतात. पण नटसन आणि सहकाऱ्यांच्या नंतरच्या कामात एक चीज सापडली. किंमत आधी दाखवली की माणूस 'परवडेल का, वसूल होईल का' असा विचार करतो. वस्तू आधी दाखवली की 'मला आवडली का' असा. पैठणीची घडी मोडायची, पदर उजेडात धरायचा, भाव शेवटी. रोजच्या वापराच्या सुती साड्यांच्या गठ्ठ्यावर मात्र पाटीच लावा. हे तुमच्या वडिलांनाही माहीत असणार, त्यांच्याकडं टोपी नव्हती.

प्रश्न : मी आठवीत आहे. मी हेडफोन लावून जेवते. आई म्हणते, त्यानं जेवणाची चव जाते. खरं आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बाळ, पापडाच्या बाबतीत आई जिंकली. ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी लोकांना मायक्रोफोनसमोर बटाट्याचे वेफर्स चावायला लावले आणि त्यांचाच आवाज त्यांना हेडफोनमधून ऐकवला. आवाज, विशेषतः त्यातला तीक्ष्ण भाग, वाढवला की तोच वेफर ताजा आणि कुरकुरीत वाटायचा. दाबला की शिळा, सादळलेला. कुरकुरीतपणाचा हिशोब कानही ठेवतो. २००४ चं हे काम, त्यालाही इग नोबेल मिळालं आहे. तुझ्या हेडफोनमध्ये गाणं चालू असतं, म्हणजे कान दुसरीकडं नोकरीला.

आज करून बघ. एकाच पापडाचे दोन तुकडे कर, एक हेडफोन लावून खा, एक काढून. फक्त ताटात वाढल्या वाढल्या खा. वरणाची वाफ लागली की मग कान काय करणार!