एकोणतीसची अडचण आणि 'डोया'

ताई, पहिलीला अंक शिकवताना आधी शंभरपर्यंत घोकून घेऊ नका. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) वाळल्या ताटाचे, म्हणजे धांड्याचे, बोटभर लांबीचे 50 तुकडे करा, टोकं घासून घ्या. दहा झाले की मुलानेच रबर लावायचं. गठ्ठा तुम्ही बांधून दिलात तर दशक म्हणजे दहा सुटे, हे त्याच्या हाताला कळतच नाही.

खरी अडचण आपल्या संख्यानामांत आहे. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल 52 लिहितं. एकोणतीसमध्ये 'तीस' ऐकून 39 लिहितं. (2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आणली, ती याचसाठी.) तीन गठ्ठे मांडा, एका गठ्ठ्याचं रबर सोडवून एक काडी काढा, उरलेलं मोजायला लावा. 'एक उणे तीस' डोळ्यांसमोर घडतं. 19, 29, 39 रोज एक, घाई नको.

वाचनाला क, म, न, र आणि काना एवढंच घ्या: नाक, कान, मका, कमान. आठवडाभर पुरतं. पहिली वेलांटी उशिरा घ्या. ती अक्षराआधी दिसते पण उच्चार नंतर होतो, तिथे मुलं अडखळतात.

आणि घरी अहिराणी बोलणारं मूल 'डोळा' पाहून 'डोया' म्हणालं, तर ते चुकलेलं नाही. त्याने शब्द ओळखला, अर्थही लावला. आधी शाबासकी द्या, मग ळ सावकाश म्हणून दाखवा. तिथेच रागावलात तर ते मोठ्याने वाचणंच सोडेल.