बंगला घेताय? आधी नदी बघा, मग उतारा, मग शेजारचा आंबा

पुण्याच्या आजूबाजूला बंगला, रो हाऊस, गुंठा घेणाऱ्यांचे आणि तिथे राहणाऱ्यांचे प्रश्न आहेत सगळे, पहिला मोठा आहे म्हणून उत्तरही मोठं झालंय.

प्रश्न : मोशीजवळ इंद्रायणीच्या बाजूला तयार बंगला मिळतोय, रेट आसपासच्या निम्मा. खरेदीखत होतंय, घरपट्टी भरलेली आहे, लाईटचं मीटर आहे. घ्यावा का?

निम्मा रेट आहे तिथेच निम्मं उत्तर आलं बघा. खरेदीखत रजिस्टर झालं म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नसतं, सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवतो, बांधकामाची परवानगी तपासून सर्टिफिकेट देत नाही. घरपट्टीचंही तेच, अनधिकृत घरालासुद्धा टॅक्स लागतो. मे 2025 मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले, हरित लवादाचा आदेश होता आणि सुप्रीम कोर्टातही दिलासा मिळाला नाही. लोकांची आयुष्यभराची कमाई होती हो त्यात.

निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत घर बांधायचा विषयच नाही, निळी ते लाल या पट्ट्यात अटींवर, जोतं उंच घेऊन वगैरे परवानगी मिळू शकते. त्यामुळे सर्व्हे नंबर घेऊन आधी झोन दाखला (जागा कुठल्या झोनमध्ये येते त्याचा कागद) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा, त्यावर पूररेषा कुठून जाते ते बघा, मग मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी, मागा. मालक "सगळ्यांचं असंच आहे" म्हणाला की चहा पिऊन निघा. आणि एक, जुलैच्या जोराच्या पावसात जागेवर जाऊन या, एजंट सांगत नाही ते शेजारी सांगतात. जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं होतं, तिथल्या कुठल्याही आजींना विचारा, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं ते सांगतील.

प्रश्न : एक गुंठा घेतोय, सातबाऱ्यावर माझं नाव लागेल म्हणतात, पण अजून दहा-बारा जणांसोबत. चालेल ना?

गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, पण त्या सातबाऱ्यावर तुमचे 1089 नक्की कुठले हे कुठेच लिहिलेलं नसणार. सामायिक क्षेत्रात नाव आहे, हद्द नाही. उद्या कोपऱ्यावरचा म्हणाला रस्ता माझ्या हिश्श्यातून जातो, तर भांडत बसा. बँक लोनही बहुतेक नाही म्हणते. स्वतंत्र मोजणी, मंजूर लेआउट आणि एनए (बिगरशेती) असेल तरच पुढे जा, मेहुणा एजंट असला तरीसुद्धा.

प्रश्न : रस्त्यावर डांबर चढवून चढवून आमचं अंगण खाली गेलंय, पाऊस आला की पाणी थेट पार्किंगमध्ये. अंगण उचलून घेऊ का?

लगेच नको. अंगण उचललं की भिंतीतला ओलरोधक थर, म्हणजे जमिनीची ओल वर चढू न देणारा, मातीखाली जातो, मग दोन वर्षांत आतल्या भिंतीला फुगे येतात आणि पेंटरला शिव्या बसतात. गेटच्या आतल्या बाजूला पूर्ण रुंदीचं आडवं गटार करा, वर लोखंडी जाळी, उतार रस्त्यापासून नाही तर घरापासून त्या गटाराकडे द्या. त्याचं पाणी पावसाळी लाईनला जोडा, ड्रेनेजला (सांडपाण्याच्या लाईनला) चुकूनही नको, नाहीतर बाथरूममधून उलटं येईल. रस्त्याची लाईन वर असेल तर छोटा खड्डा आणि पंप लागतोच. आणि पुढच्या डांबरीकरणाच्या आधी सगळ्या गल्लीने मिळून जुना थर खरवडूनच काम करा असा अर्ज वॉर्ड ऑफिसला द्या, एकट्याचा अर्ज फायलीत झोपतो.

प्रश्न : शेजारच्यांच्या आंब्याच्या फांद्या आमच्या गच्चीवर येतात, पानांनी पाईप तुंबतो. तोडू का?

परस्पर नको, 1975 चा वृक्ष जतन कायदा खासगी आवारातल्या झाडालाही लागू आहे. उद्यान विभागाला अर्ज करा, शेजाऱ्यांची सही घेऊन केलात तर सोपं पडतं. तोवर पाईपच्या तोंडाला जाळी बसवा, आणि कैऱ्या मात्र विचारूनच घ्या.